'किहीम'मधला 'ही' दीर्घ का? परीक्षेत मराठीचे गुण नेमके कुठे गळतात

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागच्या दिशेने निघालं की वाटेत चोंढी लागतं आणि तिथून किहीमकडे वळता येतं. शनिवार-रविवारी या किनाऱ्याचे फोटो सोशल मीडियावर पडतात तेव्हा खाली गावाचं नाव कुणी 'किहीम' लिहितं, कुणी 'किहिम', तर एखादा 'कीहीम'ही लिहून जातो. फोटोखाली यातलं काहीही चालतं. फोटो टाकणाऱ्याला जागा कळते, बघणाऱ्यालाही कळते.

मराठीच्या पेपरात मात्र यातलं एकच रूप बरोबर धरलं जातं, आणि ते 'किहीम'. त्यामागचं कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं आहे. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या अलीकडचा इकार किंवा उकार दीर्घ असतो: फूल, मीठ, बहीण, गरीब, वकील. त्याच्याही अलीकडचा सर्वसाधारणपणे ऱ्हस्व असतो. 'म' अकारान्त, म्हणून 'ही' दीर्घ; 'कि' आणखी मागे, म्हणून ऱ्हस्व. अख्खा नियम एका गावाच्या नावात बसलाय.

पाठ केलेले शब्द परीक्षेच्या घाईत विसरतात. शब्दातली जागा सहसा विसरत नाही. निष्काळजी म्हटल्या जाणाऱ्या बहुतेक चुका अशाच ठरलेल्या पाच-सहा जागांवर होतात. त्या जागा माहीत असतील तर उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला पाच मिनिटंही पुरतात.

किती गुणांचा प्रश्न आहे?

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात भाषाभ्यासाला १६ गुण आहेत. उपयोजित लेखनाच्या २४ गुणांतही लेखननियम बघितले जातातच. पोलीस शिपाई भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण हा एक स्वतंत्र विषय आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण मराठीचे होते. एमपीएससीच्या वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तरामागे एक चतुर्थांश गुण कापला जातो, म्हणजे चार चुकीची उत्तरं एक बरोबर उत्तर खाऊन टाकतात.

राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. त्यात मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर आहेत. हे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, पण त्यात किमान २५ टक्के मिळवावेच लागतात. यूपीएससीच्या भारतीय भाषेच्या पेपरचीही हीच रचना आहे: निबंध १०० गुणांचा, आकलन आणि सारांश ६०-६० चे, दोन्ही बाजूंचं भाषांतर मिळून ४० आणि व्याकरण-वापर ४०. 'मातृभाषेचाच तर पेपर' म्हणून याकडे बघणारे बरेच असतात. गुणवत्ता यादीत एकेका गुणावर नावं वर-खाली होतात, हे कुठल्याही भरतीचा निकाल पाहिलेल्याला सांगायला नको.

कान इथे मदत करत नाही

'उच्चार नीट करा, लेखन आपोआप सुधारेल' असं शाळेत अजूनही सांगितलं जातं. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. आजच्या बोलण्यात 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, किंवा 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, हे फरक बहुतेकांच्या कानाला ऐकूच येत नाहीत. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या मुलालाही येत नाहीत आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुलालाही नाहीत. संदर्भावरून अर्थ कळतो, म्हणून बोलताना अडत नाही.

किनारपट्टीवर आणखी एक अडचण आहे. किहीम, थळ, नवगाव, वरसोली या पट्ट्यात आगरी आणि कोळी बोली घराघरांत आहेत. त्यांत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' अनेकदा येतो. घरी 'पानी' म्हणणारं मूल चुकीचं बोलत नसतं, ते आपली बोली बोलत असतं. पण कानावर विसंबून लिहायला सांगितलं, तर पेपरात सगळ्यात जास्त गुण त्याचेच जातात. जागेचा नियम मात्र सगळ्यांना सारखाच लागू होतो, त्याला घरातली बोली लागत नाही.

हे नियम आहेत तरी किती? मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यात आणखी ४ आले. एकूण १८. यातले रोज लागणारे त्याहूनही कमी.

एक परिच्छेद, सोळा चुका

खालचा मजकूर नमुन्यादाखल मुद्दाम रचलेला आहे. 'समुद्रकिनारी एक दिवस' अशा निबंधात कुणीही लिहील असा. पुढे जाण्याआधी पेन्सिल घेऊन चुका शोधून बघा.

"गेल्या रविवारी आम्ही किहिमला गेलो. तीथला समुद्र किनारा स्वच्छ आणी शांत होता. किनार्यावर सुरुची झाडे होती. आम्ही गावातल्या लोकाना वाट विचारली. त्यानी सांगीतले कि प्रसिद्ध पक्षीतज्ञ डॉ. सलीम अली येथे रहात होता आणि तो सुगरण पक्षांचा अभ्यास करायचा. त्या अभ्यासाचे महत्व मोठे आहे. अलीकडे येथे येणाऱ्या पर्यटकांची संख्या खूप वाढले आहेत."

यातली माहिती खरी आहे. सलीम अली १९३० च्या सुमारास किहीमला राहिले होते आणि तिथल्या सुगरणींच्या घरट्यांवर त्यांनी केलेला अभ्यास १९३१ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखन मात्र सोळा ठिकाणी घसरलं आहे.

शब्दाच्या शेवटापासून सुरुवात करू. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, गुरू, मती, वस्तू. म्हणून 'कि' नाही, 'की'. अपवाद मोजके आहेत आणि त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे 'आणि'. त्याचा भाऊ 'नि' हाही ऱ्हस्व. 'परंतु', 'तथापि', 'प्रति' ही संस्कृतातून जशीच्या तशी आलेली अव्ययंही ऱ्हस्वच राहतात. अर्जाच्या सुरुवातीचं 'प्रति' दीर्घ करणारे खूप आहेत, आणि परीक्षकाची नजर कागदावर पहिल्यांदा तिथेच पडते.

'सुरुची झाडे' ही चूक गमतीची आहे. झाडाचं नाव 'सुरू'. प्रत्यय लागला तरी शेवटचा 'रू' दीर्घच राहतो, 'चाकूची' होतं तसं 'सुरूची'. 'सुरुची' म्हणजे चांगली अभिरुची. तिची झाडं किहीमला काय, कुठेच नाहीत.

'तीथला' आणि 'सांगीतले' या दोन्हींत दीर्घ केलेलं अक्षर शब्दाच्या पोटात आहे, शेवटाच्या लगेच अलीकडे अकारान्ताआधी नाही. तिथे ऱ्हस्वच: तिथला, सांगितले. शब्द दीर्घ स्वराने संपत असेल तर त्याच्या अलीकडचाही ऱ्हस्व असतो: किडा, विळी, सुरी, पिसू.

आता 'किहिमला'. इथे अनेक हुशार विद्यार्थीही फसतात, कारण त्यांना अर्धा नियम आठवत असतो. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, 'वकील'चं 'वकिलाला', 'बहीण'चं 'बहिणीला'. प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदललं की आधी दीर्घ असलेलं अक्षर ऱ्हस्व होतं. मग किहीमचं का नाही? कारण 'किहीमला' म्हणताना 'म' तसाच राहतो, त्याचा 'मा' होत नाही. नागपूरची तुलना केली की लगेच उलगडतं: 'नागपूरला', 'नागपूरचा', पण 'नागपुरात'. तसंच 'किहीमला', 'किहीमचा', पण 'किहिमात'. भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी याहून जवळचं उदाहरण आहे: 'पोलीस', पण 'पोलिसांना'. ज्या नोकरीसाठी अर्ज करायचा तिचंच नाव चुकू नये, एवढं तरी साधावं.

संस्कृतातून तसेच आलेले शब्द या सगळ्याला बधत नाहीत. गुण, विष, प्रिय, मधुर यांत अकारान्ताआधी ऱ्हस्व आहे. नीती, पूजा यांत शेवटाच्या अलीकडे दीर्घ आहे. 'शरीर'चं 'शरीराला' होतं, 'शरिराला' नाही. हे शब्द लक्षात ठेवावेच लागतात, पण काहींची फोड केली की पाठांतराचं ओझं कमी होतं. परि आणि ईक्षा मिळून 'परीक्षा'. निर् आणि ईक्षण मिळून 'निरीक्षण'. 'परिणाम'मध्ये 'ईक्षा' नाही, म्हणून तिथे ऱ्हस्व. 'परिक्षा' हा शब्द खुद्द परीक्षेच्या पेपरात दिसतो, याची गंमत परीक्षकांना आता वाटेनाशी झाली असावी.

'पक्षां'चा अभ्यास

सोळापैकी सर्वात महाग पडणारी चूक ऱ्हस्व-दीर्घाची नाही. 'सुगरण पक्षांचा अभ्यास' हे वाक्य जसंच्या तसं वाचलं तर सलीम अली राजकीय पक्षांचा अभ्यास करत होते, असा अर्थ निघतो. 'पक्ष'चं 'पक्षांचा' होतं, 'पक्षी'चं 'पक्ष्यांचा'. एक 'य' खाल्ला की घरट्यातून थेट विधानसभेत.

'किनार्यावर' हीही त्याच जातीची चूक. 'किनारा'चं रूप 'किनाऱ्यावर', 'दुसरा'चं 'दुसऱ्या'. तिथे आडवा, पापणीसारखा र लागतो. 'सूर्य', 'कार्य', 'आचार्य' यांत रफार. मोबाइलवर 'ऱ्य' लिहायला वेगळा 'ऱ' शोधावा लागतो, म्हणून घाईत 'र्य' दाबून पुढे जायची सवय लागते आणि मग हातही कागदावर तेच लिहायला लागतो. पण 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत तर सभा आणि पंगत एवढा फरक.

'महत्व' आणि 'तज्ञ' हे जवळपास प्रत्येक स्पर्धा परीक्षेत भेटणारे शब्द. दोन्हींत एक अक्षर गळलं आहे. महत् अधिक त्व, दोन 'त' एकत्र आले, म्हणून 'महत्त्व'. तत् अधिक त्व म्हणजे 'तत्त्व'. पण नेतृ अधिक त्व 'नेतृत्व', अस्ति अधिक त्व 'अस्तित्व'. तिथे पहिल्या भागात 'त्' शेवटी नाही, म्हणून एकच. तत् आणि ज्ञ मिळून 'तज्ज्ञ', उत् आणि ज्वल मिळून 'उज्ज्वल'. चार पर्यायांतून शुद्ध शब्द ओळखायचा असेल, तर मनातल्या मनात अशी फोड करणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. चारही रूपं आलटून पालटून बघत बसलं की थोड्या वेळाने चारही बरोबर वाटायला लागतात. म्हणून पर्याय वाचण्याआधीच शब्द स्वतः कच्च्या जागेत लिहून टाकावा आणि मग जुळणारा पर्याय शोधावा.

त्याच शब्दाचा पहिला भाग 'पक्षी'. मूळ संस्कृत शब्द 'पक्षिन्'. समासात तो पहिला आला की 'पक्षि' असा ऱ्हस्व होतो: पक्षितज्ज्ञ, पक्षिमित्र. म्हणूनच 'प्राणिसंग्रहालय', 'विद्यार्थिसंख्या', 'मंत्रिमंडळ'. एकटा शब्द असताना मात्र प्राणी, विद्यार्थी, मंत्री. 'समुद्र किनारा' हाही समासच, तेव्हा 'समुद्रकिनारा' जोडून. शब्द तोडून लिहायची सवय हिंदी आणि इंग्रजी वाचनातून येते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययंही जोडूनच लिहितात: 'घरासमोर', 'मुलांसाठी', 'झाडाखाली'.

हरवलेले टिंब

'लोकाना' आणि 'त्यानी'. अनेकवचनाला प्रत्यय लागला की त्याआधी अनुस्वार येतोच: लोकांना, त्यांनी, मुलांसाठी, घरांमध्ये. आदरार्थी बहुवचनालाही हेच लागू: 'मुख्यमंत्र्यांनी', 'सरांना'. एक टिंब नसलं की 'त्यांनी'चं 'त्यानी' होतं, आणि तो शब्दच मराठीत नाही. एकवचन 'त्याने', अनेकवचन 'त्यांनी'. बोलताना 'आईनी सांगितलं' असं सर्रास म्हटलं जातं, लिहिताना 'आईने'. लिहिण्याच्या ओघात सगळ्यात जास्त वेळा हेच टिंब सुटतं. पुन्हा वाचताना ते सापडतही नाही, कारण डोळ्यांना वाक्याचा अर्थ आधीच माहीत असतो आणि मन ते टिंब परस्पर भरून घेतं.

टिंबाचा उलटा घोटाळाही होतो. 'असं झालं, मी गेलो नाही' ही बोलण्याची ढब. वेबसाइटवरच्या लेखात ती चालते, या लेखातही तीच आहे. परीक्षेतल्या निबंधात 'असे झाले' हे रूप घ्यावं आणि शेवटपर्यंत तेच ठेवावं. पहिल्या परिच्छेदात 'केले' आणि तिसऱ्यात 'केलं' असं झालं की लिहिणाऱ्याचं लक्ष उडालं हे लगेच कळतं. पात्राच्या तोंडचा संवाद असेल तिथे 'केलं' खुशाल लिहावं.

वाक्य लांबलं की क्रियापद बहकतं

'पर्यटकांची संख्या खूप वाढले आहेत.' हे वाक्य लिहिणाऱ्याला मराठी येत नाही असं कुणी म्हणणार नाही. 'संख्या वाढली आहे' हे त्याला पक्कं माहीत आहे. पण मध्ये 'पर्यटकांची' आलं, डोक्यात गर्दीचं चित्र उभं राहिलं आणि क्रियापद त्या गर्दीमागे गेलं. निष्काळजी चूक म्हणतात ती हीच. उपाय एकच: क्रियापदावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, 'काय वाढलं?' उत्तर 'संख्या'. मग 'वाढली आहे'.

सलीम अलींसाठी 'राहत होते' हवं होतं, 'होता' नाही. वाक्याच्या सुरुवातीला 'डॉ.' आणि 'प्रसिद्ध' लिहायचं आणि शेवटी एकेरीवर यायचं, हा प्रकार व्यक्तिचित्रणात हमखास दिसतो. 'रहात'चं शुद्ध रूप 'राहत'. मूळ क्रियापदं 'राहणे', 'पाहणे', 'वाहणे'. सोळा चुका इथे संपल्या.

नमुन्यात नसलेल्या दोन सवयीही इथेच सांगाव्यात. 'मला माहिती नाही' हे बोलण्यात रुळलंय, पण लेखनात 'मला माहीत नाही' आणि 'माझ्याकडे माहिती नाही'. आणि हिंदीच्या संगतीने आलेलं 'त्याने माझी मदत केली'. मराठीत 'त्याने मला मदत केली'.

इंग्रजी पेपरात हीच माणसं वेगळ्या जागी चुकतात. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएसच्या लेखन परीक्षेत चार निकषांवर गुण देतात आणि व्याकरण हा त्यातला एक पूर्ण निकष आहे. मराठीत 'अ' आणि 'द'सारखी उपपदं नाहीत, म्हणून मराठी माणूस ती गाळतो. 'ती जाते' म्हणताना मराठीत क्रियापद बदलतं, तरी इंग्रजीत 'शी गोज'चं 'शी गो' होऊन जातं. तिथेही उपाय तोच, आपल्या दोन-तीन ठरलेल्या जागा ओळखून फक्त त्या तपासायच्या.

शेवटची पाच मिनिटं

'सगळं पुन्हा एकदा वाचा' हा सल्ला ऐकायला बरा, पण स्वतःचं लिखाण सुरुवातीपासून वाचताना डोळे अर्थाच्या मागे धावतात आणि चुकांवरून घसरून जातात. त्यापेक्षा शेवटच्या वाक्यापासून उलट वर यावं. अर्थाची साखळी तुटते आणि शब्द सुटे दिसायला लागतात. प्रत्येक वाक्यात आधी क्रियापद, मग 'ना', 'नी', 'साठी', 'मध्ये' यांच्या अलीकडची टिंबं, मग शब्दांची शेवटची दोन अक्षरं. एवढंच. विरामचिन्हांसाठी फार वेळ लागत नाही. पूर्णविराम राहिलेत का आणि प्रश्नार्थक वाक्यापुढे प्रश्नचिन्ह आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं. चॅटमध्ये पूर्णविराम न देण्याची सवय कागदावर लगेच दिसते.

सरावाच्या काळात तपासून आलेल्या पेपरांतून स्वतःच्या चुका एका कागदावर उतरवून ठेवल्या, तर पाच-सहा निबंधांनंतर त्याच त्या चुका परत येताना दिसतात. कुणाचं टिंब जातं, कुणाचा 'ऱ्य', कुणी प्रत्येक 'आणि' दीर्घ करतं. बाजारातल्या हजार शुद्ध-अशुद्ध शब्दांच्या यादीपेक्षा हा एक कागद परीक्षेच्या आदल्या रात्री जास्त कामाचा.

आणि एखादा शब्द आठवतच नसेल तर? निबंधात तो टाळता येतो. 'उज्ज्वल' लिहिताना हात अडला, तर 'चांगले भवितव्य' लिहून पुढे जावं, गुण कापायला जागाच राहत नाही. वस्तुनिष्ठ पेपरात ही सोय नाही. तिथे फोड करून किंवा जागा बघून दोन पर्याय बाद होतात का ते पाहावं. झाले, तर एक चतुर्थांश गुण कापला जाण्याची भीती धरूनही उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचंच ठरतं.